पंपाची किल्ली

सर आम्हा मुलांना ‘अहो’ म्हणायचे. वर्गात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बोट करून, “अहो, तुम्ही खिडकीजवळच्या, बोला,” असं म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. घरात, गल्लीत, शाळेत, रेशनच्या दुकानात मला आजवर कुणी अहो म्हटलं नव्हतं. घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती चपाती लाटता लाटता थांबली.

“तुला? अहो? बरा आहे ना गं तो?”

ते बरे आहेत की नाहीत यावर मुलुंडच्या आमच्या कॉलेजात दोन मतं होती. एक मत असं की माणूस हुशार आहे पण फिरलेला आहे. दुसरं मत असं की नुसताच फिरलेला आहे. मुलांना अहो म्हणणारे सर प्राचार्यांना मात्र चारचौघांत ‘अरे’ म्हणायचे, आणि देशांना तर सरळ तू. “इंग्लंड, तू इथून गेलास ते ठीक. पण जाताना काय काय उघडं टाकून गेलास ते वळून बघितलंस का?” असं ते भिंतीकडे बघून विचारायचे आणि पुढच्या बाकावरची मुलं दचकायची, कारण सर हे मजेत म्हणत नसत. ते खरंच चिडलेले असायचे. सकाळच्या पहिल्या तासाला येतानाच चिडलेले. पँट घोट्यापर्यंत भिजलेली, शर्टाचा खिसा आत ठेवलेल्या खडूंनी पांढरा झालेला, आणि हजेरी घेतानासुद्धा आवाज असा की जणू आम्ही हजर आहोत हाच आमचा गुन्हा.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, पण मला ते नीट जमेल का याची शंका आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माणसाबद्दल लिहायचं तर जन्म, शिक्षण, कार्य अशा क्रमाने लिहावं, असं शाळेत सांगितलं होतं. सरांचा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. मला त्यांचा राग माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर तो आता मलाही लागला आहे.

आमच्या वर्गात जगाचा नकाशा होता. त्यावर अजून सोव्हिएत संघ होता, गुलाबी रंगाचा, भिंतीच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीचा. कॉलेजने नवा नकाशा आणला तेव्हा सरांनी शिपायाला तो लावू दिला नाही. “हा राहू द्या. या गुलाबी रंगात माणसं झोपली आणि उठली तेव्हा रंगच नव्हता. हे यांना रोज दिसू दे.” नवा नकाशा गुंडाळी करून कपाटावर पडून राहिला.

तिसऱ्या वर्षाला ते आम्हाला आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचे. त्यात महासत्तांच्या ऱ्हासाचं एक प्रकरण आहे. गाइडमध्ये त्याची कारणं क्रमांक घालून दिली आहेत: कर्ज वाढतं, लष्करावरचा खर्च झेपत नाही, घरात भांडणं होतात, मित्र दुरावतात, आणि दुसरा कुणीतरी वर येत असतो. एका मुलीने ती सगळी न अडखळता म्हणून दाखवली.

“बरोबर,” सर म्हणाले. “सगळं बरोबर आहे. पण हे सगळं वरून बघितलेलं आहे. ते कोसळलं तेव्हा खाली कोण उभं होतं?”

“सर, ते गाइडमध्ये नाहीये.”

“नसणारच. गाइड लिहिणारा खाली उभा नव्हता.”

मागच्या बाकावरच्या नीलेशला राहवलं नाही. “पण सर, अमेरिकेची वाट लागली तर आपल्याला झकासच ना? आपला नंबर लागेल.”

“कसला नंबर? रेशनच्या रांगेतला?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “अहो नीलेश, तुमचा मोठा भाऊ काय करतो?”

“ऐरोलीला आहे सर. कॉल सेंटर. बँकेचं काम असतं.”

“कुठल्या बँकेचं?”

नीलेश बाकाखाली बघायला लागला.

“बोला ना. इथे काय लाजायचं?”

“तिकडच्याच, सर.”

“मग आज घरी जाऊन भावाला सांगा, झकास झालं म्हणून.”

सर अमेरिकेच्या बाजूचे होते असं काही जण म्हणायचे. ते खोटं आहे. अमेरिकेला त्यांनी भिंतीकडे बघून जितक्या शिव्या घातल्या तितक्या दुसऱ्या कुणालाच घातल्या नसतील. त्यांचा राग वेगळा होता. कुणी मोठा पडतोय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांत जी चमक येते, तिचा त्यांना संताप यायचा. आणि हे समजावून सांगायला त्यांच्याकडे एकच उदाहरण होतं, त्यांच्या सोसायटीच्या चेअरमनचं. ते त्यांनी आम्हाला वर्षभर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आम्ही महासत्ता विसरून पुढचा तुकडा कधी येतो याची वाट बघायचो.

सर मुलुंड पूर्वेला चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत राहायचे. तिथे एकच माणूस इतकी वर्षं चेअरमन होता की फलकावरचं त्याचं नाव रंग उडाला तरी पुसलं जात नव्हतं. “मला तो कधीच आवडला नाही,” सर सांगायचे. “गॅलरीत गोधडी वाळत घातली की खालून ओरडायचा. पाहुण्यांच्या स्कूटरची हवा सोडायचा. घरी कुणी आलं की जिन्यातच विचारायचा, किती दिवस मुक्काम? पण पहाटे पालिकेचं पाणी खालच्या टाकीत आलं, की पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं काम तोच करायचा. पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली असायची. आंघोळीलासुद्धा तिच्यासकट जायचा.”

मग एका वार्षिक सभेत लोकांनी एकी करून त्याला पाडलं. पहिल्या मजल्यावरचे बँकवाले आणि दुसऱ्या मजल्यावरचे शेअर बाजारवाले यात पुढे होते. इमारतीत पेढे वाटले गेले. सरांनीही खाल्ला. (“खाल्ला हो! मीसुद्धा खाल्ला!” हे सांगताना ते स्वतःवरच भडकायचे.) दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. चेअरमन रागावून पहिल्या गाडीने नाशिकला मुलीकडे निघून गेला होता, आणि किल्ली जानव्यालाच होती.

“मुद्दाम नेली ना सर?” कुणीतरी विचारलं.

“मुद्दाम नेली असती तर मी त्याला दोष दिला असता. तसं नव्हतं. त्याला ती आपलीच वाटायची, आणि आम्हालाही ती त्याचीच वाटायची. एवढ्या वर्षांत एकाही शहाण्याने दुसरी किल्ली करून घेतली नव्हती. मीसुद्धा नाही, आणि मी तर एमएला हाच विषय घेतला होता!”

पुढचा तुकडा आठवड्याने आला. बँकवाल्यांनी कुलूप तोडून आपलं लावलं. दुपारी शेअरवाल्यांनी त्याच्या वर आपलं लावलं. आता पंप सुरू करायला दोघंही हवेत, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनाही पंप चालवायचा नव्हता, फक्त दुसऱ्याला चालवू द्यायचा नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात सरांना चौथ्या मजल्यावरच्या आजी दिसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही पावलांत कळशी धरून.

“मला म्हणाल्या, तो माणूस वाईट होता, पण पाणी होतं हो.”  मग सर टेबलावर हात आपटून म्हणाले, “याच वाक्यावर हुकूमशहा परत येतात! तोफांवर नाही येत. कळशीवर येतात!”

सरांनी घरून हातोडी आणून दोन्ही कुलपं फोडली. सोसायटीने त्यांना मालमत्तेचं नुकसान केल्याची नोटीस दिली. ती त्यांनी आम्हाला अभिमानाने वाचून दाखवली. मग त्यांनी किल्ल्या करून घेतल्या, प्रत्येक घराला एक, आणि पाळी लावली. प्रत्येक घराचा एक आठवडा. “एका चेअरमनच्या जागी दुसरा चेअरमन बसवायचा नाही. किल्ली सगळ्यांकडे, आणि काम आलटून पालटून.”

“मग होतं का नीट, सर?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नाही होत! बँकवाले लावायला विसरतात. शेअरवाले लावतात आणि बंद करायला विसरतात, टाकी धो धो वाहते. मी रोज पहाटे खाली जाऊन बघतो आणि ओरडतो. पण आजींच्या नळाला पाणी येतं. अजून काय हवं आहे?”

भिजलेल्या पँटचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला.

माझी अमेरिकेशी ओळख आईकडून झाली होती. आई अंधेरीला निर्यातीच्या दागिन्यांच्या कारखान्यात आहे. मेणाच्या साच्यात चिमट्याने बारीक खडे बसवायचं काम. घाटकोपरहून मेट्रोने जाते. सुटताना तिथे वेणी सोडून केस झटकून दाखवावे लागतात, सोन्याचा कण अडकला असेल तर म्हणून. तिने घडवलेला दागिना तिने कधी गळ्यात धरूनही पाहिलेला नाही. तिच्यासाठी अमेरिका म्हणजे दोन हंगाम, नाताळ आणि मदर्स डे. मदर्स डेच्या ऑर्डरी असल्या की ती घरी उशिरा येते आणि आम्ही भात-खिचडीवर भागवतो.

गेल्या वर्षी तिकडच्या सरकारने इथल्या मालावर जकात वाढवली आणि ऑर्डरी आटल्या. सुपरवायझरने अर्ध्या बायकांना सांगितलं, घरी बसा, काम आलं की बोलावू. आई त्या अर्ध्यांत होती. पाच-सहा दिवस गेले. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, “मावशीच्या ओळखीने मॉलमध्ये एक जागा आहे. कॉलेज काय, नंतर पण करता येतं ना?”

नंतर करता येत नाही हे तिलाही माहीत होतं. आमच्या गल्लीत नंतर कुणीच केलेलं नाही.

मी सरांना सांगायला स्टाफरूममध्ये गेले. ते वर्तमानपत्रावर मेथीची जुडी पसरून निवडत बसले होते. ही त्यांची सवय होती, बाजारातून भाजी घेऊनच कॉलेजला यायचे. “कॉलेज सोडावं लागेल बहुतेक,” मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघं मेथी निवडत राहिलो.

“मला रशियन येतं,” ते निवडता निवडता म्हणाले. “तुम्हाला माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. काही मोडलं, बिघडलं की ते ‘घ्या, झालं!’ अशा सुरात “नू वोत!” असं म्हणायचे आणि आम्ही समजायचो की ते कच्छी असेल, मुलुंडमध्ये राहून शिकले असतील.

“भांडुपला एक कारखाना होता. यंत्रं तिकडून यायची. त्यांची माहितीपुस्तकं मी मराठीत आणायचो, कामगारांसाठी. पाच वर्षं भाषा शिकलो होतो. चांगली नोकरी होती. लग्न ठरलं त्याच नोकरीवर. मग एका हिवाळ्यात तो देशच गेला. यंत्रं यायची बंद झाली. मला कुणी काढलं नाही हो, रागावलंसुद्धा नाही. माझ्या टेबलावर कागद यायचे, ते यायचे थांबले. मी रोज जाऊन रिकाम्या टेबलाशी बसायचो. आणि बाहेर चहाच्या टपरीवर लोक भांडायचे, आता जगाचा मालक एकच राहिला, हे चांगलं की वाईट. मला एकानेही विचारलं नाही, तुझं कसं चाललंय.” त्यांनी काड्या बाजूला केल्या. “म्हणून मी नंतर एमए केलं. मला बघायचं होतं, पुस्तकात माझं टेबल कुठे लिहिलंय का.”

“लिहिलंय?”

“कुठेच नाही.” मग नेहमीच्या आवाजात, “तुम्ही सोडणार असाल तर सोडा, मी काय अडवणार! पण सोडण्याआधी तुमच्या आईंना विचारा, घरी कुणाला बसवायचं ते कुणी ठरवलं? आणि त्याच्याकडेच किल्ली का?”

मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. सोबत पंपाची सगळी गोष्टही सांगितली, कळशीसकट. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि फक्त म्हणाली, “प्रत्येक घराला किल्ली? बरं.”

त्याच सुमारास कॉलेजात तो कार्यक्रम झाला. टीव्हीवर दिसणारे एक परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक व्याख्यानाला येणार होते. विषय, ‘महासत्तेचा अस्त: आता आपण!’ दारात मुलींनी जगाच्या नकाशाची रांगोळी काढली होती. त्यात भारत हौसेने इतका मोठा काढला होता की खाली कार्पेट आलं. सर रांगोळीपाशी थांबले.

“श्रीलंका कुठे आहे?”

“सर, जागाच नाही उरली.”

“नू वोत. मोठं झालं की पहिलं हेच होतं.”

आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं, कारण ते कुणालाच नको असतं. एका मॅडमनी मजकूर लिहून दिला होता. मी स्टेजच्या कडेला कागद धरून बसले होते. पाहुणे छान बोलत होते. महासत्तेचं कर्ज, तिचा अहंकार, तिची घरातली भांडणं. सगळी गाइडमधलीच कारणं, फक्त आवाज भारी. शेवटी ते म्हणाले, “त्यांचं दुकान बंद होतंय, मित्रांनो! आणि त्या रिकाम्या गाळ्यात कोण बसणार? आपण! अरे, टाळ्या तरी वाजवा!”

हॉलभर टाळ्या वाजल्या. नीलेशनेही वाजवल्या, मी पाहिलं.

मागून आवाज आला, “पंप कोण लावणार?”

सर उभे होते. पाहुण्यांनी कानामागे हात धरला. “काय म्हणालात?”

“दुकान बंद होतंय म्हणालात. बंद होताना आतल्या माणसांचं काय, आणि उद्या सकाळी पंप कोण लावणार?”

पाहुणे हसले. “पाण्याची अडचण असेल तर ती प्राचार्यांना सांगा.”

सगळा हॉल हसला. आमच्या वर्गाला प्रश्न कळला होता, तरी आमच्यातलेही काही हसले. सर तसेच उभे राहिले, चेहरा लाल. प्राचार्य म्हणाले, “सर, खाली बसा.” सर म्हणाले, “अरे, तू बस.” त्यावर तर लोक आणखीच हसले. साठीचा माणूस, भिजलेल्या पँटमध्ये, आणि त्याच्यावर हसणारं आमचं कॉलेज. मला अजून ते आठवलं की छातीत गरम होतं.

मग माझं नाव पुकारलं. मी कागदावरचं सगळं वाचलं. पाहुण्यांनी अमूल्य वेळ दिला, प्राचार्यांनी मार्गदर्शन केलं, ध्वनिव्यवस्था, पुष्पगुच्छ. कागद संपला. आणि माझ्या तोंडून निघालं, “पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, मी वाजवल्या नाहीत. माझी आई त्या दुकानासाठी काम करते. ते दुकान बंद झालं तेव्हा शटर आमच्या घरावर पडलं. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. सरांनी जे विचारलं ते पाण्याबद्दल नव्हतं.”  शेवटी ‘धन्यवाद’ म्हणायचं राहिलं, म्हणून माइकपाशी परत जाऊन तेही म्हटलं.  पाहुणे मोबाइल बघत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना पत्र मिळालं. विद्यार्थिनीला पढवून पाहुण्यांचा अपमान घडवून आणला. मी प्राचार्यांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनमध्ये.

“सर, मला कुणी पढवलं नाही. आई माझी आहे.”

“तुझं ठीक आहे गं,” प्राचार्य मऊपणे म्हणाले. “तू लहान आहेस. तुला आम्ही काही म्हणतोय का?”

तेच मला सहन झालं नाही. मी मतदान करते. तरी त्या खोलीत मला लहान व्हावं लागलं, म्हणजे मी जे बोलले ते माझं नव्हे, कुणीतरी माझ्या तोंडात घातलेलं, असं ठरवता यावं. माझ्या आईची नोकरी गेली हे मला कळायलाही प्राध्यापक लागतो, असं त्यांना वाटत होतं. आणि शिक्षा झाली ती सरांना. निवृत्तीला काही महिने राहिले असताना तिसऱ्या वर्षाचा पेपर त्यांच्याकडून काढून घेतला. त्यांना पहिल्या वर्षाची हजेरी तपासायला बसवलं. आमच्या तासाला एक मॅडम येऊ लागल्या. त्या वाईट नाहीत, पण गाइड उघडून वाचतात. भिंतीवर नवा नकाशा लागला. जुना कुठे गेला विचारलं तर शिपाई म्हणाला, “भंगारात. एवढा मोठा ठेवणार कुठे?”

मी सरांना म्हटलं, तुम्ही वर तक्रार करा. ते म्हणाले, “मी ओरडलो की झालं माझं काम. लिहीत बसायला मला वेळ नाही.” याचाही मला राग आला, पण तो मी बोलून दाखवला नाही.

इकडे आईने भलतंच काही केलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. तिथे तिने कारखान्यात तिच्याच टेबलावर काम करणाऱ्या बायकांना बोलावलं, घरी बसवलेल्यांना आणि कामावर राहिलेल्यांनाही. मी चहाचे कप भरत होते. आई म्हणाली, “अर्ध्या जणींना पूर्ण काम आणि अर्ध्या जणी घरी, असं कशाला? सगळ्या जणी आठवडा आठवडा वाटून घेऊ. पाळी लावू.”

कामावर राहिलेल्यांपैकी एक फटकन म्हणाली, “वा गं! माझं नाव आहे लिस्टमध्ये, मी का सोडू?”

“आज आहे. उद्या त्याने कट केलं तर कुणाकडे जाशील? माझ्याकडेच येशील ना? मग आजच ये.”

त्या बाईने कपातून एक घोट घेतला. मग म्हणाली, “साखर कमी आहे,” आणि हो म्हणाली.

त्या सगळ्या मिळून गेटवर गेल्या. मॅनेजर म्हणाला, हे काय हॉस्पिटल आहे का पाळ्या लावायला. त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या. कामावर असलेल्याही आत न जाता बाहेरच उभ्या राहिल्या. शेवटी आईच्या टेबलापुरतं त्याने मान्य केलं. बाकीच्या टेबलांचं नाही. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण आई आता आठवड्याआड कामाला जाते, आणि मॉलचं नाव घरात निघत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने निरोप समारंभ केला नाही. पुष्पगुच्छसुद्धा नाही. मी आईला म्हटलं, मला त्यांच्या घरी जायचंय. ती म्हणाली, “मीपण येते. बघू तर तुला अहो म्हणणारा माणूस कसा दिसतो.” आईचा तो कामाचा आठवडा होता, म्हणून आम्ही सकाळी लवकर निघालो, म्हणजे तिला तिथूनच अंधेरीला जाता येईल. बरोबर तिने केलेल्या करंज्या होत्या.

सर वर नव्हतेच. इमारतीच्या मागे पंपाच्या खोलीपाशी, पँटचे पायचे दुमडून उभे होते. खोलीत एक बारीक, वाकलेला म्हातारा पंपाच्या बटणाशी झुकला होता. सदऱ्याच्या गळ्यातून जानवं बाहेर लोंबत होतं. किल्ली मात्र त्याच्या हातात होती, इतरांसारखीच, सुतळीत ओवलेली.

मी सरांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, “मुलीकडे करमेना. परत आले. आजींनीच त्यांना सांगितलं, तुमचा आठवडा तेवढा धरा. आज त्यांचा आहे.”

माझ्या आधी आई बोलली. तिने करंज्यांचा डबा पुढे केला. “आमच्या टेबलावर पण लावली सर, पाळी. ही सांगायची तुमच्या पंपाचं.”

सरांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, विहार, गेट, आठवडे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, “फक्त एकाच टेबलाला? बाकीच्यांना का नाही? हा मॅनेजर स्वतःला समजतो कोण?” आणि भडकले. आई हसली. इतक्या दिवसांनी ती मोठ्याने हसली.

तेवढ्यात गच्चीवरून पाणी वाहू लागलं. पागोळीच लागली भिंतीवरून. सर वळले आणि ओरडले, “अहो! टाकी भरली! बंद करा! एवढी वर्षं जमत होतं ना तुम्हाला?”

म्हाताऱ्याने गडबडीने बटण दाबलं. “ओरडू नका हो. पाठ धरलीय माझी.”

ज्याला ते आमच्यासमोर वर्षभर ‘तो’ म्हणत आले, त्याला ते अहो म्हणत होते. आणि तरी ओरडत होते.

आम्ही निघालो. मागून अजून त्यांचा आवाज येत होता. स्टेशनच्या पायऱ्यांशी आई थांबली, तिचं पुढे अंधेरी होतं आणि माझं कॉलेज.

“शीक तू,” ती म्हणाली. “चांगले आहेत तुझे सर. पण ते एकटेच ओरडतात गं. तू ओरडशील तेव्हा चार जणी सोबत घेऊन ओरड.”